आमच्या गाड्या: इंदूरच्या एका घरगुती बस कंपनीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदुरात कुठल्याही मराठी लग्नात पंगतीला बसलं की कुणीतरी विचारतंच, "तुमच्याच गाड्या होत्या ना त्या?" हो म्हटलं की पुढचे प्रश्न ठरलेले. काकांनी ऐंशी ओलांडली आहे, त्यांना फोनवर फार वेळ बोलवत नाही. आतेभावंडं पुण्याला आणि बाहेरदेशी. म्हणून आजवर विचारलेले प्रश्न आणि काका, आत्या व जुन्या वह्या यांच्याकडून मिळालेली उत्तरं मी इथे लिहून ठेवते आहे. काका आणि आत्या यांचं जिथे पटत नाही तिथे दोघांचंही लिहिलं आहे.

कंपनीचं नाव काय होतं?

ते इथे छापायचं नाही असं घरात ठरलंय. वाटण्या झाल्यावर नाव कुणाकडे राहिलं यावर दोन घरांचं अजून एकमत नाही. ज्यांनी प्रवास केलाय त्यांना नाव आठवत असेलच. गाडीच्या कपाळावर देवाचं नाव, दोन्ही बाजूंना आडनाव आणि मागे पेंटरच्या मर्जीचा एखादा हिंदी शेर असे. त्या शेरांवर आजोबांची सही लागायची, कारण एकदा फार चावट शेर लिहिला गेला होता.

सुरुवात कशी झाली? आजीच्या पाटल्या मोडून पहिली गाडी घेतली हे खरं का?

पाटल्या मोडल्या हे खरं, पण पहिल्या गाडीसाठी नाही. आजी हे शेवटपर्यंत दुरुस्त करून सांगायची. आजोबा इंदूरच्या एका कापड गिरणीत हिशेब लिहायचे. त्यांच्या ओळखीच्या एका मोटार मिस्त्रीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक थकलेली पेट्रोलची शेवरोले उधारीवर मिळवून दिली आणि स्वतः भागीदार झाला. गाडी त्याची, अक्कल त्याची, हिशेब आजोबांचा. पाटल्या गेल्या त्या टायरांत. १९४२ च्या सुरुवातीला मलाया जपानच्या हाती गेला, रबराची आवक आटली आणि टायरला सोन्याचा भाव आला. आजी म्हणायची, "लोकांच्या पाटल्या घरात गेल्या, जमिनीत गेल्या. माझ्या मानपूरच्या घाटात झिजल्या."

मिस्त्री पुढे भागीदारीतून का निघाला, हे विचारलं की काका विषय बदलतात. आत्या सांगते की आजोबांनी त्याला हिशेब दाखवला, पण समजावला नाही. मला आत्याचं खरं वाटतं.

कोळशावर चालणारी बस खरंच होती का?

होती, आणि फक्त आमचीच नव्हे. युद्धात पेट्रोल कार्डावर मिळायचं, तेही तुटपुंजं. मग गाडीच्या मागे पत्र्याचा उभा पिंप बसवत. त्यात लाकडी कोळसा पेटवायचा आणि हाताने पंखा फिरवत बसायचं. कोळसा अपुऱ्या हवेत धुमसला की त्यातून जळण्याजोगा वायू निघतो, मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड. तो गाळून, थंड करून नळीने इंजिनात सोडायचा. सकाळी सहाच्या फेरीसाठी क्लीनर पाचलाच पंखा फिरवायला लागे.

पण या वायूत पेट्रोलएवढा जोर नाही. चढ आला की गाडी धापा टाकायची. मानपूरच्या घाटात पुरुष सवाऱ्या खाली उतरून चालत, म्हातारे आणि लेकुरवाळ्या बायका तेवढ्या आत. गाळणी तुंबली की सगळे पुन्हा खाली. महेश्वरला पोचल्यावर पांढऱ्या धोतरांचा रंग पाहून लोक ओळखायचे की हे मोटारीने आले. शिवाय हा वायू विषारी. बंद शेडमध्ये गाडी पेटवायची नाही, हा आजोबांचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवलं जाई.

पहिला मार्ग कोणता?

इंदूर, महू, मानपूर, गुजरी, धामणोद, महेश्वर. पुढे मंडलेश्वरपर्यंत. धामणोदपर्यंत आग्रा-मुंबई रस्ता, तिथून नर्मदेकडे वळायचं. महेश्वर उत्तर काठावर असल्याने नर्मदा ओलांडावी लागत नाही. जाताना किराणा, औषधं आणि "नई दुनिया"चे गठ्ठे, येताना टपावर महेश्वरी लुगड्यांची बोचकी. पावसाळ्यात बोचक्यांवर ताडपत्री पहिली पडायची आणि सवाऱ्यांच्या ट्रंकांवर नंतर. त्यावरून भांडणं होत.

गाड्या कुठल्या होत्या?

युद्धानंतर लष्कराचे मोडीत काढलेले ट्रक लिलावात स्वस्त मिळाले, त्यांतून दोन गाड्या उभ्या राहिल्या. नंतर टाटा-मर्सिडीज. टेल्को म्हणजे टाटांची मोटार कंपनी, तिचा जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार १९५४ साली झाला, आणि डिझेलची ती चेसिस आली तसा आमच्या धंद्याचा हिशेबच पालटला. पेट्रोलपेक्षा डिझेल स्वस्त आणि इंजिनाला चढावर जोर. करार १९६९ मध्ये संपला आणि टाटांच्या गाड्यांवरची मर्सिडीजची चांदणी गेली. आमच्या एका ड्रायव्हरने जुन्या गाडीची चांदणी काढून नव्या गाडीवर बसवली होती. तो म्हणायचा, चांदणीशिवाय घाट चढत नाही.

तेव्हा बस विकत मिळत नसे, चेसिस मिळे. पुढे इंजिन, मागे उघडा सांगाडा, आणि ड्रायव्हरला बसायला एक फळकूट. ती तशीच, डोक्याला फडकं गुंडाळून, चालवत आणायची. मग इंदुरात बॉडी बांधायची: लाकडी चौकट, वर पत्रा. आसनं किती बसवायची यावर बांधणारा आणि आजोबा यांच्यात आठवडाभर घासाघीस चाले. तुमचे गुडघे पुढच्या आसनाला लागत असतील तर त्यात आजोबांचा हात आहे, माफ करा.

"परमिट" हा शब्द तुमच्या घरात देवासारखा का उच्चारतात?

कारण गाडी जळाली तर दुसरी घेता येते. परमिट गेलं की धंदा गेला. आमच्या कंपनीचा इतिहास म्हणजे बसगाड्यांचा इतिहास असं लोकांना वाटतं. वह्या पाहिल्या की दिसतं, तो बराचसा कागदाचा इतिहास आहे.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याने ठरवलं की भाड्याची बस चालवायला परमिट हवं, आणि ते विशिष्ट मार्गाचं, विशिष्ट वेळेचं, तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचं. अर्ज केला की तो जाहीर होई. मग त्या मार्गावर आधीपासून गाड्या चालवणारे हरकती घेत: मार्गावर गाड्या पुरेशा आहेत, अर्जदाराकडे शेड नाही, मागच्या वर्षी त्याची गाडी दहादा बंद पडली. या हरकतींची रीतसर सुनावणी व्हायची. आजोबांनी जितके अर्ज केले त्याहून जास्त हरकती घेतल्या, हे मी वह्या चाळून मोजलंय. काकांना हे आवडत नाही, पण ज्यांनी हरकती घेतल्या तेच लोक संध्याकाळी एकमेकांना टायर उसने देत, हेही त्याच वह्यांत आहे.

मध्य भारत राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला मध्य प्रदेशात विलीन झालं. राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला आणि परिवहन आयुक्त ग्वाल्हेरला. आमच्या घरात ग्वाल्हेर म्हणजे किल्ला नव्हे, तानसेन नव्हे, तारीख. "बाबा कुठे गेलेत?" "ग्वाल्हेरला, तारखेला." मी दहा वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं ग्वाल्हेरला फक्त कोर्ट आहे.

परमिटं आजीच्या आणि आत्यांच्या नावावर का होती?

थोडं इन्कम टॅक्ससाठी, थोडं पुढच्या वाटण्यांसाठी. उगाच थोर कारण सांगण्यात अर्थ नाही. पण त्याचा एक परिणाम कुणी धरला नव्हता. परमिट ज्याचं, सही त्याची. आजी सही करण्याआधी कागद वाचून घ्यायची, आणि वाचता वाचता तिला सगळा धंदा कळला. तिकीटपुस्तकांचे शेवटचे नंबर रोज रात्री तीच जुळवायची. कंडक्टर आजोबांना फसवू शकत, आजीला नाही.

आजोबा गेले तेव्हा दोन परमिटं त्यांच्या नावावर होती. धारक वारला तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याला काही महिने परमिट वापरता येतं, पण मृत्यूची खबर मुदतीत द्यावी लागते आणि नाव बदलायचा अर्जही. तेराव्याच्या आधी आजीने काकांना आरटीओत पाठवलं. नातेवाइकांनी नावं ठेवली. गाड्या एक दिवसही थांबल्या नाहीत.

मी महूच्या नाक्यावर हात केला, रिकामी आसनं दिसत होती, तरी तुमची गाडी थांबली नाही. का?

तुम्ही बहुधा पुण्याच्या गाडीला हात केलात. महेश्वरची गाडी स्टेज कॅरेज होती, टप्प्याटप्प्यावर सवाऱ्या चढवणारी आणि उतरवणारी. पुण्याची गाडी काँट्रॅक्ट कॅरेज. तिच्यात निघतानाच प्रवाशांची यादी हवी आणि वाटेत यादीबाहेरचं कुणी घ्यायचं नाही, असा कायदा. आमच्या ड्रायव्हरांनी तो दर वेळी पाळला असं मी छातीठोक सांगणार नाही. तुमच्या दिवशी पाळला एवढंच.

मग सरळ इंदूर–पुणे टप्प्याची बस का नाही काढली?

महाराष्ट्रात टप्प्याची वाहतूक एसटीची. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे–अहमदनगर धावली, आणि पुढे खाजगी टप्पा-गाड्यांना तिथे जागाच राहिली नाही. दोन राज्यांत गाडी न्यायची तर दोन्ही सरकारांचा करार लागतो, त्यात कुणाच्या किती फेऱ्या ते ठरतं, आणि एका राज्याच्या परमिटवर दुसऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागते. अशा करारात छोट्या खाजगी मालकाला कोण विचारतो?

इकडे इंदुरात मात्र मागणी प्रचंड. रामबाग, राजवाडा, टिळकनगर, सुदामानगर, कुठल्याही मराठी घराचा एक पाय पुण्यात. मे महिना, दिवाळी, लग्नसराई. रेल्वेने जायचं तर मीटरगेजने खांडव्याला उतरून गाडी बदलायची. म्हणून सुरुवातीला वऱ्हाडाची गाडी म्हणून, मग यात्रेची म्हणून, मग टूरिस्ट परमिटवर आमची गाडी पुण्याला जायला लागली. यात्रा शिर्डीची असे. शिर्डीला उतरणारे थोडे असत.

रोडवेजने तुमचे मार्ग घेतले म्हणतात. काय झालं होतं?

१९५६ साली मोटार वाहन कायद्यात एक नवं प्रकरण आलं. सरकारी परिवहन संस्थेने एखाद्या मार्गाची योजना मंजूर करून घेतली की त्यावरची खाजगी परमिटं रद्द करता येत किंवा मार्ग मधेच छाटता येई. भरपाईही कायद्यातच लिहिलेली: परमिटच्या उरलेल्या प्रत्येक पूर्ण महिन्याला २०० रुपये. नवीन गाडीचा हप्ता त्याहून कितीतरी मोठा असे. मध्य प्रदेशचं परिवहन महामंडळ, म्हणजेच रोडवेज, १९६२ साली झालं, आणि त्यानंतर वर्तमानपत्र आलं की घरात आधी जाहीर नोटिसा वाचल्या जात, बातम्या नंतर.

तरीही मी रोडवेजला खलनायक करणार नाही. आम्ही जिथे गाडी न्यायचो तिथे सवारी होती म्हणून न्यायचो. झाबुआ, आलिराजपूरच्या आतल्या खेड्यांत रिकामी फेरी मारायची वेळ आली असती तर आजोबांनी मारली नसती. पुढे काकांनी दोन गाड्या महामंडळाला अनुबंधावर लावल्या. गाडी आणि ड्रायव्हर आमचा, मार्ग आणि कंडक्टर त्यांचा. २००५ मध्ये सरकारने महामंडळ बंद करायचं ठरवलं तेव्हा आमच्या घरात कुणी पेढे वाटले नाहीत. काका फक्त म्हणाले, "आता ज्याच्याशी भांडायचं तोच गेला."

पुण्याला पोचायला किती वेळ लागायचा? रस्ता कसा होता?

अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. दुपारी निघालेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळं सुरळीत झालं तर. मानपूर, खलघाटला नर्मदेचा पूल, जुलवानिया, सेंधवा, बिजासन, मग पळासनेरला महाराष्ट्र, शिरपूर, धुळे. खलघाटच्या पुलावर खिडकीतून नाणी टाकायची. बिजासनला देवीसाठी नारळ फुटे आणि क्लीनर खाली उतरून टायर ठोकून बघे. नारळ ड्रायव्हरचा, टायर मालकाचा, अशी विभागणी.

घाटाबद्दल काका सांगतात ते लिहून ठेवायला हवं, कारण आजच्या रुंद रस्त्यावरही ते तितकंच खरं आहे. उतारावर गाडी पडते ती बहुधा ब्रेक "फेल" झाल्याने नव्हे, ब्रेक तापल्याने. उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला की त्याचे लायनर, म्हणजे आतली घासणारी अस्तरं, तापतात आणि धरत नाहीत. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचा, इंजिनाने गाडी अडवायची, ब्रेक अधूनमधून. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडत, आणि वाचलेलं डिझेल विकत. आमच्याकडे हे समजलं की पगार हातात आणि किल्ली टेबलावर. दारू पिऊन आलेल्याला आजोबा एकदा माफ करत, न्यूट्रलवाल्याला नाही. धामणोदजवळच्या गणपती घाटात आजवर झालेले अपघात वाचले की आजोबांचा कडकपणा कळतो.

आमच्या एका गाडीचे ब्रेक एका पावसाळ्यात असेच गेले होते. ड्रायव्हरने दरीकडे न जाता डोंगराच्या बाजूला गाडी घासत नेऊन थांबवली. डावी बाजू पूर्ण फाटली, तिघांचे हात मोडले, माणूस कुणी गेला नाही. त्या ड्रायव्हरला आजीने औक्षण केलं. नंतर चौकशीत निघालं की लायनर बदलायचे पैसे आमच्याच ऑफिसने महिनाभर पुढे ढकलले होते. ही दुसरी अर्धी गोष्ट पंगतीत सांगितली जात नाही.

तुमचे जुने ड्रायव्हर, क्लीनर कोण होते?

क्लीनर बहुतेक निमाडातले, धामणोद-ठीकरीकडची मुलं. चाकं धुणं, टपावर सामान, "चलो धामनोद, महेसर" ही आरोळी. हँडल मारून इंजिन सुरू करायचं कामही त्यांचंच, आणि हँडल उलट फिरलं तर मनगट मोडे. चार-पाच वर्षांनी "उस्ताद" म्हणजे ड्रायव्हर त्यांना रिकाम्या गाडीचं स्टिअरिंग देई. ऑफिसात मराठी, गाडीत हिंदी आणि निमाडी, शेडमध्ये उर्दू शिव्या. माझ्या बाबांची मराठी यातूनच घडली. पुण्याच्या पाहुण्यांसमोर आई त्यांना फार बोलू देत नसे.

निवडणुकीला गाड्या मिळत नसत, ते का?

प्रशासन अधिग्रहण करायचं. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात तशी तरतूद आहे. सिंहस्थालाही, १९८० आणि १९९२ ला, आमच्या गाड्या उज्जैनच्या फेऱ्यांना लागल्या होत्या. भाडं मिळे, उशिराने.

सरवटे स्टँड हे नाव कुणाचं? आणि गंगवाल?

सरवटे म्हणजे तात्या सरवटे, विनायक सीताराम सरवटे. इंदूरचे मराठी लेखक-कार्यकर्ते, मध्य भारतातून संविधान सभेत गेलेले. बालनिकेतन संघाच्या शालिनीताई मोघे त्यांच्या कन्या. गंगवाल म्हणजे मिश्रीलाल गंगवाल, मध्य भारताचे मुख्यमंत्री. इंदूरच्या नव्या मुलांना ही फक्त बसस्टँडची नावं वाटतात, म्हणून इथे लिहिलं.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या बस कंपनीशी तुमचा संबंध होता का?

नाही हो. ती ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी. केवढी मोठी, दिल्ली शहरातल्या बससेवेचा परवाना तिच्याकडे होता. मे १९४८ मध्ये केंद्र सरकारने ती सेवा अपुरी ठरवून स्वतःकडे घेतली. आमच्या तेव्हा दोन गाड्या होत्या, त्यांतली एक बहुतेक वेळ बंद.

मग धंदा बंद का केला?

एका कारणाने नाही. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ ला लागू झाला आणि परमिट मागणाऱ्याला सहसा नाही म्हणायचं नाही, असं त्यात आलं. जुने परमिटवाले याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले आणि १९९१ मध्ये हरले. स्पर्धा वाढली म्हणजे तुमचा हक्क बुडाला असं होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. आजोबांच्या सगळ्या हरकतींना एकदम उत्तर मिळाल्यासारखं झालं. ज्या कागदाच्या जोरावर पन्नास वर्षं काढली तो कागद आता अर्ज करणाऱ्या कुणालाही मिळणार होता.

मग व्हिडिओ कोच आले, आम्हीही एक काढला. रात्रभर एकच सिनेमा, कारण दुसरी कॅसेट अडकायची. २००१ पासून भारतात व्हॉल्वो आल्या. त्या एका गाडीच्या पैशात आमच्या कितीतरी गाड्या आल्या असत्या. काकांना कर्ज काढायचं होतं, बाबांना नको होतं. चुलतभावाला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी लागली होती. वाटणीत कुणाला शेड, कुणाला गाड्या, कुणाला येणी असलेली वही मिळाली. वही मिळाली बाबांना.

जुनी तिकिटं, फोटो, बोर्ड काही शिल्लक आहे का?

फोटो चार आहेत, त्यांतल्या तीनमध्ये गाडीपेक्षा नातेवाईक जास्त दिसतात. तिकीटपुस्तकांची अर्धी पानं आहेत, कारण आजी उरलेल्या अर्ध्या पानांवर धोब्याचा हिशेब लिहायची. तुमच्याकडे आमचं एखादं तिकीट असेल तर जपून ठेवा, आमच्याकडे अख्खं एकही नाही. शेवरोलेचं लोखंडी हँडल आत्याच्या घरी आहे. वाऱ्याने मागचं दार आपटतं, म्हणून ती ते दाराला टेकवून ठेवते.